मी अजून विमानातच बसलो नाही, टुरिझम शिकायला जाऊ का?

पत्र थोडक्यात: एका अठरा वर्षांच्या मुलाचं पत्र आहे. ट्रॅव्हल अँड टुरिझमच्या डिग्री कोर्सला ॲडमिशन मिळालीय, कॉलेज सुरू व्हायला तीन महिने आहेत. लहानपणापासून नकाशे, ट्रेनची टाइमटेबलं आणि प्रवासाचे व्हिडिओ यांचं वेड, म्हणून हा कोर्स निवडला. पण आता पोटात गोळा आलाय, कारण तो स्वतः फारसा कुठे गेलेलाच नाही, विमानात तर एकदाही बसलेला नाही, आणि बॅचच्या ग्रुपवर बाकीची मुलं परदेशवाऱ्यांचे फोटो टाकतायत. पार्टटाइम कामातून थोडे पैसे साठलेत, त्यातून एक मोठी ट्रिप करून 'अनुभव' घ्यावा की तिकिटिंगचा एखादा झटपट कोर्स करावा ते कळत नाहीये. मामा म्हणतो हा धंदाच संपला, आता सगळं मोबाइलवर होतं. त्यात स्वभाव बुजरा, अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. तो विचारतोय, या तीन महिन्यांत काय करू, आणि मुळात जाऊ का?

---

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना जाणवलं की अख्ख्या पत्रात प्रवास करणारा माणूस एकच आहे, तो म्हणजे तू. तू कुठे गेलास, कुठे नाही गेलास, तुला काय बघायचंय, तुझ्या पासपोर्टवर किती शिक्के आहेत. ज्यांच्या जिवावर हा सगळा धंदा चालतो ते लोक, म्हणजे ज्यांना जायचंय पण कसं जायचं ते कळत नाहीये, ते पत्रात कुठेच नाहीत. यात तुझी काही चूक नाही हां, या कोर्सला येणारी दहातली नऊ मुलं असाच विचार करतात आणि कॉलेजांच्या जाहिरातीही तेच खपवतात, पाठीवर सॅक, डोंगरावर उभं राहून हात पसरलेले वगैरे. पण सिनेमे बघायला आवडतात म्हणून कोणी थिएटर चालवायला घेत नाही, आणि घेतलंच तर पहिल्या आठवड्यात कळतं की सिनेमा बघायला वेळच मिळत नाही.

ज्या माणसापासून आधुनिक टुरिझमची गोष्ट सांगायला सुरुवात करतात (आणि तुझ्या पहिल्या युनिटमध्ये तो येणारच आहे) तो थॉमस कुक. हा काही जग फिरलेला माणूस नव्हता. सुतारकाम शिकलेला, दारूबंदीचा प्रचार करणारा. ५ जुलै १८४१ ला त्याने इंग्लंडमधल्या लेस्टरहून लफबरोला पाचशेएक माणसांना रेल्वेने एका सभेला नेलं, अंतर जेमतेम बारा मैल, तिकीट एक शिलिंग. त्याला सुचलं काय, तर इतक्या लोकांना एकत्र न्यायचं म्हटलं की गाडी ठरवणं, दर पाडून घेणं, वेळ जुळवणं हे कोणीतरी एकाने करायला हवं. जगप्रदक्षिणेची टूर काढायला त्याला पुढे १८७२ साल उजाडलं. बारा मैलांपासून जगापर्यंत यायला एकतीस वर्षं. तू अठराव्या वर्षी विमानात बसला नाहीस म्हणून काळजी करतोयस.

आता माझं ऐक. मी ट्रॅव्हल एजन्सीत कामाला लागले तेव्हा चार देश फिरून झाले होते आणि त्याचा मला चांगलाच माज होता. काउंटरवर बसून दोन महिने झाले असतील, एक वयस्कर जोडपं आलं, मुलीकडे चाललेलं, दोघंही पहिल्यांदाच विमानाने. फ्लाइट १५ तारखेला रात्री १२ वाजून २० मिनिटांची. मी तिकीट छापलं, पाकिटात घातलं, हॅपी जर्नी म्हटलं. ती दोघं १५ तारखेला रात्री नऊला बॅगा घेऊन एअरपोर्टवर पोचली, म्हणजे विमान उडून जवळजवळ एकवीस तास झाल्यावर. सिस्टिममध्ये 'नो-शो', म्हणजे प्रवासी आलेच नाहीत असं पडलेलं, त्यामुळे परतीचं तिकीटही आपोआप कॅन्सल. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ऑफिसात आली. काका ओरडले वगैरे नाहीत, नुसतं तिकीट माझ्यापुढे ठेवलं आणि तारखेवर बोट ठेवून म्हणाले, "पंधराच लिहिलंय ना गं?" काकू मागे उभ्या होत्या, त्यांच्या हँडबॅगेला एअरपोर्टचा तो बारीक टॅग अजून बांधलेला होता.

तिकिटावर काहीही चुकलेलं नव्हतं. तारीख बरोबर, वेळ बरोबर, नावं बरोबर. फक्त 'पंधरा तारखेची रात्र' म्हणजे घरातल्या माणसाला काय वाटतं हे माझ्या डोक्यात आलंच नाही. त्या दिवसापासून मध्यरात्रीनंतरच्या प्रत्येक तिकिटावर मी पेनने मोठ्या अक्षरात लिहायला लागले, '१४ तारखेला रात्री घरातून निघायचं'. नोकरीत शिकलेली सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच आणि माझ्या चार देशांनी मला ती शिकवली नव्हती. उलट मी सवयीची प्रवासी होते म्हणूनच चुकले, असं मला अजूनही वाटतं. तू पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या माणसाची भीती ओळखतोस कारण ती तुझीच आहे, ही गोष्ट वर्गातल्या फोटोवाल्या मुलांकडे नाहीये, विसरून गेलेत ते.

तर मोठी ट्रिप करू का? माझं मत, आत्ता नको. फिरणं वाईट आहे म्हणून नाही, पण 'अनुभव' म्हणून साठवलेले सगळे पैसे एका फटक्यात उडवलेस आणि कॉलेजात दुसऱ्या वर्षी स्टडी टूर आली, इंटर्नशिपसाठी दुसऱ्या शहरात खोली घ्यायची वेळ आली, तर हात रिकामे. त्यापेक्षा छोटा प्रवास कर, एका रात्रीचा, पण दोन वह्या घेऊन जा. एकीत नेहमीसारखं, काय पाहिलं, काय आवडलं. दुसरीत फक्त मागची बाजू. तिकीट कुठून काढलं आणि किती वेळा स्क्रीनवर अडलास. स्टेशनावर उतरल्यावर पहिली पाच मिनिटं कुठे बघत उभा होतास, पाटी नव्हती की होती पण चुकीच्या जागी होती. हॉटेलवाल्याने चेक-इनला किती कागद मागितले, रांगेत पुढची बाई का वैतागली, बंद असलेल्या जागेच्या दारात किती लोक येऊन परत गेले आणि बंद असल्याचं त्यांना आधी कुठे कळू शकलं असतं. ही दुसरी वही आठ दहा पानं भरली तर मोठ्या ट्रिपचे पैसे वाचले समज.

झटपट तिकिटिंग कोर्सचं काय, तर त्यातही घाई नको, आधी तुझ्या कॉलेजचा सिलॅबस नीट वाच. बऱ्याच डिग्री कोर्सेसमध्ये जीडीएसचं ट्रेनिंग असतंच, म्हणजे एअरलाइन्स, हॉटेलं, गाड्या यांचं बुकिंग एजंट लोक ज्या सिस्टिमवरून करतात ती. अमेडियस, सेबर, गॅलिलिओ ही नावं तुला पाठ होतीलच. सेबर १९६० च्या सुमाराला अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएमने मिळून उभी केली, अमेडियस १९८७ ला युरोपातल्या चार एअरलाइन्सनी. सिलॅबसमध्ये हे असेल तर तेच आत्ता बाहेर पैसे देऊन शिकण्यात अर्थ नाही, नसेल तर दुसऱ्या वर्षी कर, कारण या कमांड्स वापरात नसल्या की सहा महिन्यांत विसरायला होतात. आणि कमांड कोणीही शिकवेल रे. कोणता प्रश्न विचारायचा ते आधी डोक्यात असावं लागतं.

ते कसं आणायचं, तर माझ्याकडे एक होमवर्क आहे. मी नवीन आलेल्या प्रत्येकाला तो देते, तुलाही देते, आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांनीही करून बघा, मजा येते. एक कुटुंब घे. आजी, वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले. आई, बाबा, आणि एक वर्ष अकरा महिन्यांचं बाळ. यांना पाच दिवस पॅरिसला जायचंय. तू कधी गेलेला नाहीस, उत्तम, जायचंही नाहीये. सगळं टेबलाशी बसून करायचं, इंटरनेट, नकाशा आणि वही घेऊन, आणि ट्रॅव्हल ब्लॉगवरची तयार आयटनरी उचलायची नाही.

पहिल्या तासातच अडशील. बाळ प्रवासात दोन वर्षांचं होणार असेल तर जाताना ते मांडीवर चालेल, पण येताना बहुतेक एअरलाइन्सच्या नियमाने त्याला स्वतःची सीट लागेल, म्हणजे भाड्याचा हिशोबच बदलला. आजीसाठी व्हीलचेअर सांगायची, पण नुसती 'व्हीलचेअर' सांगून भागत नाही, तिचे तीन कोड आहेत. आजी जिना चढू शकते पण लांब चालवत नाही, तर डब्ल्यूसीएचआर. जिना जमत नाही पण विमानात आपल्या सीटपर्यंत चालेल, तर डब्ल्यूसीएचएस. अजिबातच चालता येत नाही, तर डब्ल्यूसीएचसी. यातला चुकीचा टाकलास तर विमानाच्या शिडीखाली आजी उभी आणि वर न्यायची सोय नाही. मग फ्लाइट सकाळी सहाला पोचते, हॉटेलचं चेक-इन दुपारी दोन तीनला, तेवढा वेळ झोप न झालेली आजी आणि रडणारं बाळ घेऊन ही माणसं काय करणार? मेट्रोने जातील म्हणशील तर तिथल्या मेट्रोच्या जुन्या लाइन्सवर बहुतेक स्टेशनांना लिफ्ट नाही, चौदा नंबरची लाइन मात्र पूर्ण सोयीची आहे, मग हॉटेल कुठे घ्यायचं ते त्यावरून ठरतं, फोटो बघून नाही. लूव्र म्युझियम मंगळवारी बंद असतं. व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, लागणार असेल तर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहायचा नियम वाच, मधे दुसऱ्या देशात विमान बदलायचं असेल तर तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतो का बघ, पासपोर्टची मुदत किती उरलीय बघ, कित्येक देश सहा महिने मागतात.

हे सगळं एका एक्सेल शीटमध्ये मांड. एक्सेल येत नसेल तर या तीन महिन्यांत शिकायची पहिली गोष्ट तीच, मी मनापासून सांगतेय. शीट झाली की कुटुंबाच्या जागी वीस जणांचा ग्रुप टाक. आता काही खर्च माणसामागे वाढतात, जसं म्युझियमचं तिकीट, आणि काही वाढत नाहीत, बस वीस जणांची असो की चौदा जणांची, भाडं तेवढंच. तू वीस धरून दर लावलास आणि ऐनवेळी सहा गळाले तर तोटा कोणाचा? इथे पहिल्यांदा कळतं की ही टूर म्हणजे रिस्क आहे आणि कोणीतरी ती अंगावर घेतंय. कित्येक मुलं हा हिशोब थर्ड इयरला प्रोजेक्टमध्ये पहिल्यांदा करतात, खरंतर तो आधीच करायला हवा.

पाठांतराचं म्हणशील तर थोडं आहे, आणि तुला टाइमटेबलं आवडतात म्हणजे तुला ते खेळासारखं वाटेल. एअरपोर्टचे तीन अक्षरी कोड घे, रोज पाच. त्यात गोष्टी असतात. शिकागोच्या ओहेअर एअरपोर्टचा कोड ओआरडी का, तर त्या जागेचं जुनं नाव ऑर्चर्ड फील्ड. कॅनडातले बहुतेक कोड वाय अक्षराने सुरू होतात. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तशी कॅनडातही आहे, एकीचा कोड एसवायडी, दुसरीचा वायक्यूवाय, आणि चुकीचं तिकीट काढून माणसं खरंच त्या दुसऱ्या सिडनीला पोचलेली आहेत. मग अल्फा, ब्राव्हो, चार्ली वाली स्पेलिंग सांगायची पद्धत, आपण म मगरचा म्हणतो तसंच, फोनवर नावातला एम आणि एन यात घोळ झाला तर माणूस गेटवर अडकतो. आणि टाइम झोन. सगळे झोन तासातासाने असतात असं समजू नकोस, काठमांडूची वेळ यूटीसीच्या, म्हणजे जगाच्या प्रमाणवेळेच्या, पाच तास पंचेचाळीस मिनिटं पुढे आहे. सामोआ या बेटांच्या देशाने तर २०११ साली डेट लाइनची, म्हणजे जिथे तारीख बदलते त्या रेषेची, बाजूच बदलली, त्यांच्याकडे त्या वर्षी ३० डिसेंबर उगवलाच नाही. त्या दिवसाच्या हॉटेल बुकिंगचं काय झालं असेल याचा मी कितीतरी वेळा विचार केलाय, असो.

थिअरीला मात्र नाक मुरडू नकोस. फर्स्ट सेमला टुरिस्टची व्याख्या येते आणि सगळा वर्ग झोपतो. नेहमीच्या जागेबाहेर जाऊन किमान एक रात्र राहिला आणि एक वर्षाच्या आत परतला तर टुरिस्ट, रात्र न काढता त्याच दिवशी परतला तर एक्स्कर्शनिस्ट. कोणाला काय फरक पडतो असं वाटतं ना? व्हेनिसला विचार. तिथे २५ एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवसांना दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून पाच युरो प्रवेश फी घ्यायला सुरुवात केली, रात्री तिथल्या हॉटेलात राहणाऱ्याला ती माफ, कारण तो मुक्कामाच्या बिलात वेगळा कर भरतो. म्हणजे तुझ्या पुस्तकातली ती कंटाळवाणी व्याख्या तिथे चौकात उभी राहून लोकांकडून पैसे वसूल करतेय.

तसंच बटलर नावाच्या अभ्यासकाचं. १९८० मध्ये त्याने मांडलं की पर्यटनस्थळालाही आयुष्य असतं, आधी मूठभर लोक शोधत येतात, मग गावकरी खोल्या द्यायला लागतात, मग मोठा पैसा येतो, मग गर्दीने जीव गुदमरतो, आणि तिथून एकतर उतरती कळा किंवा नव्याने उभारी. डॉक्सी नावाच्या दुसऱ्या अभ्यासकाने त्याआधी १९७५ मध्ये गावकऱ्यांच्या बाजूने हेच सांगितलं होतं, आधी आनंद, मग 'येतात तर येऊ देत', मग वैताग, मग उघड वैर. थायलंडच्या माया बेचं उदाहरण घेऊन हे दोन्ही तपास. एका सिनेमामुळे गाजलेला छोटासा किनारा, दिवसाला पाच हजारांच्या आसपास माणसं, बोटींच्या नांगरांनी प्रवाळ मोडलेलं, शेवटी जून २०१८ ला बंद केला तो थेट जानेवारी २०२२ ला उघडला, तोही माणसांच्या संख्येवर मर्यादा घालून. आता तुझ्या ओळखीची कुठलीही एक जागा घे जिथे बाहेरून माणसं येतात, मोठी प्रसिद्ध नसली तरी चालेल, आणि एका रविवारी दोन तास तिथे नुसता बसून राहा. लोक कुठून येतात, किती वेळ थांबतात, पैसे कुठे खर्च करतात, आणि तिथे राहणारे त्यांच्याकडे कोणत्या नजरेने बघतात. बटलरच्या कुठल्या पायरीवर आहे ती जागा? हे दोन पानं लिहून ठेवलंस तर पहिल्या असाइनमेंटला इंटरनेटवरून उचलायची वेळ येणार नाही.

आता मामा. मामाचं निम्मं खरं आहे आणि ते मान्य करूनच पुढे जाऊ. १ जून २००८ पासून आयाटाच्या, म्हणजे एअरलाइन्सच्या जागतिक संघटनेच्या, एअरलाइन्सनी कागदी तिकीट देणं बंद केलं, आणि इथून तिथे साधं तिकीट काढून देणं एवढंच ज्यांचं काम होतं त्यांची दुकानं खरंच बंद झाली, माझ्या ओळखीतली सुद्धा. तू तेवढंच शिकणार असशील तर मामा बरोबर. पण मोबाइलवर जे दिसतं ते कोणीतरी तिथे आणून ठेवलेलं असतं. हॉटेलशी दर ठरवणारा माणूस असतो, आज रात्रीची रिकामी खोली उद्या विकता येत नाही म्हणून तिचा दर संध्याकाळी किती पाडायचा हे ठरवणारा रेव्हेन्यूवाला असतो, चारशे डॉक्टरांची कॉन्फरन्स दुसऱ्या देशात नेणारी टीम असते, तिथे उतरल्यावर गाड्या आणि गाइड बघणारी तिथली कंपनी, म्हणजे डीएमसी, असते, सरकारी टुरिझम बोर्डं असतात. मामाने यातलं कोणी पाहिलेलं नाही कारण हे लोक काउंटरवर बसत नाहीत.

आणि काही बिघडलं की? एप्रिल २०१० मध्ये आइसलँडचा एक ज्वालामुखी फुटला, राखेमुळे युरोपचं आकाश जवळजवळ आठवडाभर बंद, लाखभर फ्लाइट्स रद्द. त्या आठवड्यात लोकांना ॲप नको होतं, फोन उचलणारा माणूस हवा होता. पण दुसरी बाजूही सांगते, कारण तुला फसवायचं नाहीये. थॉमस कुकच्या नावाची ती ब्रिटनमधली कंपनी २३ सप्टेंबर २०१९ ला एका रात्रीत बंद पडली, परदेशात सुट्टीवर असलेल्या दीड लाखाच्या आसपास ब्रिटिश लोकांना ब्रिटनच्या सरकारने विमानं पाठवून घरी आणलं. आणि २०१९ मध्ये जगभरात देश ओलांडून प्रवास केलेल्या टुरिस्टांचा आकडा १४६ कोटी होता, तो २०२० मध्ये ४० कोटींवर आला. २०२४ पर्यंत परत १४० कोटींच्या घरात पोचला खरा, पण मधल्या दोन वर्षांत कित्येकांनी हा धंदा सोडला आणि ते परत आलेच नाहीत. तेव्हा या क्षेत्रात पाय ठेवताना एखादं असं स्किल सोबत ठेव जे बाहेरही चालतं. हिशोब, एक्सेल, एखादी परकी भाषा, चांगलं लिहिता येणं, काहीही. सुरुवातीचा पगार डोळे दिपवणारा नसतो हेही ऐकून ठेव, आणि जग सुट्टीवर असतं तेव्हा तू कामावर असणार. घरातल्यांशी हे आत्ताच बोल.

बुजरेपणाबद्दल मी जास्त लिहिणार नाही कारण मला तो प्रॉब्लेम वाटतच नाही. मी पाहिलेले सगळ्यात चांगले टूर लीडर बडबडे नव्हते. बडबडा माणूस पहिल्या दिवशी बसमध्ये सगळ्यांना हसवतो, आणि तिसऱ्या दिवशी एक बाई सकाळपासून गप्प आहे हे त्याच्या लक्षात येत नाही. ते तुझ्यासारख्याच्या लक्षात येतं. तरी अनोळखी माणसाशी बोलायची सवय लागते, ती लाव, आणि ती आरशासमोर लागत नाही. या तीन महिन्यांत आठवड्यातले दोन दिवस कुठल्याही काउंटरमागे उभा राहा. हॉटेलचा फ्रंट डेस्क मिळाला तर छान, नाहीतर लायब्ररी, मेडिकलचं दुकान, तिकीट खिडकी, कुठेही, जिथे लोक प्रश्न घेऊन येतात आणि थोडे चिडलेले असतात. पत्रात तू दोन वर्षं पार्टटाइम काम केल्याचं लिहिलंयस पण कुठे ते नाही लिहिलंस. दुकानात असशील तर निम्मं काम झालेलंच आहे आणि तुलाच ते माहीत नाहीये.

'मुळात जाऊ का' हे राहिलं. ते मी ठरवणार नाही, पण फी भरण्याआधी कॉलेजात जाऊन चार गोष्टी विचार आणि उत्तरं कशी येतात ते बघ. इंटर्नशिप किती आठवड्यांची आणि ती कॉलेज लावून देतं की 'तुम्ही शोधा' म्हणतं. जीडीएसची लॅब खरी आहे की पीपीटीवर स्क्रीनशॉट दाखवतात. शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी या धंद्यात प्रत्यक्ष काम केलंय. आणि दोन वर्षांपूर्वी पास झालेल्या तीन मुलांशी बोलायला मिळेल का, कॉलेजने निवडलेल्या नाही, तू शोधलेल्या. त्या मुलांना 'कोर्स कसा आहे' असं विचारू नकोस, सगळे 'चांगलाय' म्हणतात. 'काल ऑफिसात दिवसभर काय काय केलंस' असं विचार. उत्तर ऐकून तुला कंटाळा आला की हेवा वाटला, ते तुझं तुला कळेल.

ग्रुपवर फोटो टाकायचं दडपण आलंच तर गप्प राहा, नाहीतर तुझा तो रविवारचा दोन तासांचा किस्सा टाक. पहिल्या दिवशी ओळख करून देताना 'मी अजून विमानात बसलेलो नाही' हे सरळ सांगून टाक, लपवत बसलास तर वर्षभर लपवावं लागेल. वर्गात अजून पाच जण तरी निघतील.

आजीच्या पॅरिसची शीट झाली की मला पाठव, मी लाल पेन घेऊन बसतेच. आणि परतीची फ्लाइट रात्री बारानंतरची घेतली असशील तर आजी हॉटेलातून कुठल्या तारखेला निघतेय ते शब्दांत लिही, नुसता आकडा नको.